सांगण्यापूर्वी मोजावे

सर्जापूर रोडवरील आमच्या सोसायटीत उच्च रक्तदाबाच्या रहिवाशांचे जीवनमान समाधानकारक नाही, ही बाब वार्षिक सभेच्या निदर्शनास आली. पार्किंगच्या जागेवरून दोन ज्येष्ठ सभासद एकमेकांच्या अंगावर धावून गेले, त्यानंतर ती निदर्शनास आली. तातडीने उपसमिती नेमण्यात आली. रक्तदाब मिठापेक्षा बातमीने अधिक वाढतो, असा निष्कर्ष तिने एकमताने काढला. सबब, रुग्णास कोणतीही वाईट बातमी देऊ नये. द्यावीच लागली, तर आधी त्याचा दाब मोजावा आणि तो नॉर्मल असेल तरच तोंड उघडावे.

पहिले लाभार्थी उपेंद्रराव. विमानांच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. लेखी नियम दिसला की हात जोडणारे. त्यांच्या दारावर 'शांत घर' अशी पाटी लागली. पाण्याचा टँकर आला नाही की वॉचमन त्यांना सांगे, आज पाण्याला सुट्टी आहे. भारत मॅच हरला, तर मॅच झालीच नव्हती असे ठरे. उपेंद्ररावांचा दाब खरोखरच उतरला. समितीने पेढे वाटले, अर्थात त्यांना वगळून.

परंतु जगातल्या वाईट बातम्या काही थांबल्या नव्हत्या. त्या सगळ्या आता त्यांच्या पत्नीकडे, प्रतिमाताईंकडे, साठू लागल्या. यथावकाश ताईंचाही दाब वाढला, आणि समितीने तत्परतेने त्यांनाही संरक्षण दिले. घरात बातम्या ठेवायला एकटा मुलगा उरला, ईशान.

नेमके त्याच सुमारास मारतहळ्ळीच्या कंपनीने ईशानला घरी बसवले.

त्याला सल्ला नको होता, मदत नको होती. वडिलांच्या शेजारी बसून एकदा सांगून टाकायचे होते, बस्स. तो सोसायटीचे सेक्रेटरी भीमाचार्य यांच्याकडे गेला. हे मूळचे धारवाडचे. मराठी चांगले बोलतात.

"काका, बाबांना सांगू द्या मला. एकट्याला नाही झेपत हे."

"सरी, सरी, बरं. स्वल्प बसा," म्हणत भीमाचार्यांनी प्रथेप्रमाणे त्याच्या दंडाला दाब मोजायचा पट्टा गुंडाळला. आकडा पाहून त्यांचा चेहरा पडला. "अय्यो, तुम्हीपण आमच्यातलेच झालात की."

आता ईशानही लाभार्थी झाला. साहजिकच त्यालाही वाईट बातमी देता येईना, आणि नोकरी गेली ही तर फारच वाईट बातमी. ती त्याला आधीच ठाऊक आहे, हा तांत्रिक मुद्दा समितीने चर्चेअंती फेटाळला. दुसऱ्या दिवसापासून अख्खी सोसायटी त्याला नोकरीत असल्याप्रमाणे वागवू लागली. वॉचमन "ऑफिस, सर?" म्हणून गेट उघडे. शेजारीण लिफ्टमध्ये प्रमोशनचे विचारी. ईशान लॅपटॉपची बॅग घेऊन निघे आणि क्लबहाऊसमध्ये जाऊन बसे. तिथे जागा मिळायची तर लवकर जावे लागे.

एका रविवारी जेवताना त्याने धीर केला. "बाबा, एक सांगायचं होतं."

प्रतिमाताईंचा घास हातातच राहिला. उपेंद्ररावांनी आमटीची वाटी बाजूला सारली, मशीन पुढे ओढले आणि दंडाला पट्टा बांधला. पोरगा काय सांगणार, या काळजीने त्यांच्या छातीत धडधडत होते, त्यामुळे आकडा चढतच गेला. तिघेही तो चढताना पाहत राहिले.

"थोड्या वेळाने परत मोजू," ते अपराधी आवाजात म्हणाले. "थांबशील ना रे तोवर?"

म्हातारा घाबरला होता आणि त्याला ऐकायचेही होते, हे ईशानला स्पष्ट दिसत होते.

"काही नाही हो बाबा. आमटीत मीठ नाहीये, एवढंच म्हणत होतो."

"मीठ नसतंच आपल्याकडे," उपेंद्ररावांनी निःश्वास सोडला. पुन्हा मोजले, तेव्हा आकडा झकास उतरला होता.

समितीच्या यंदाच्या पाहणीत जीवनमानाचा पहिला क्रमांक याच घराला मिळाला. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला गेलो होतो. तिघे हसतमुखाने उभे होते आणि कुणीही कुणाकडे पाहत नव्हते.

तुम्ही म्हणाल, अशी घरे काय असतात का कुठे! बरोबर आहे तुमचे. मग परवा आईचा फोन आला आणि तिने "बरं चाललंय ना?" विचारले, तेव्हा तुम्ही काय सांगितलेत? आणि "इकडेही सगळं छान आहे" असे ती म्हणाली, ते तुम्ही किती पटकन मानलेत.