करंजवस्तीच्या म्हशी आणि तटस्थ निरीक्षण

चाकणजवळच्या करंजवस्तीत शाळेसमोरच्या रस्त्यावर गेल्या अकरा वर्षांत एकही अपघात झालेला नाही, ही बाब रस्ता विभागाने गांभीर्याने घेतली. वस्तीने तिथे गतिरोधक मागितला होता. नियमानुसार गतिरोधक फक्त अपघातप्रवण ठिकाणी देता येतो, आणि अपघातप्रवण ठरायला तीन वर्षांत तीन गंभीर अपघात लागतात. वस्तीकडे एकही नव्हता. पात्रता सिद्ध झाल्यास पुन्हा अर्ज करावा, असं विभागाने लेखी कळवलं.

अपघात होत नव्हता तो सोपानराव गाडे यांच्या दोन म्हशींमुळे. रस्त्याच्या एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला शाळा. सकाळी सात ते साडेसात या वेळात तिथून पहिल्या शिफ्टच्या बस, सुट्या भागांचे कंटेनर आणि नव्या सोसायट्यांमधल्या मोटारी जातात, आणि सगळ्यांनाच उशीर झालेला असतो. सोपानराव बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी म्हशी रस्त्यात घालत आणि मधोमध उभ्या करत. दोन्ही बाजूंची वाहनं थांबत, चाळीस पोरं पलीकडे जात, मग म्हशी निघत. मीसुद्धा रोज त्याच रस्त्याने मोटारीने जातो. मागे उभा राहून हॉर्न वाजवणाऱ्यांत मी नव्हतो असं म्हणणार नाही.

"पोरगं पळतं, म्हनून डायवर थांबत न्हाई," सोपानराव सांगत. "म्हैस पळत न्हाई. तिला धडकलं तर गाडीचं तोंड जातं आन् वर गाव गोळा व्हतं. म्हनून थांबत्यात."

यंदा सोपानरावांचा गुडघा गेला. पिंपरीच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, आणि त्यानंतर म्हशींमागे उभं राहणं जमणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांची नात करिष्मा सहावीत. म्हशी विकायच्या आधी गतिरोधक व्हावा, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

सरपंच सुमनताईंनी विभागाला म्हशींबद्दल कळवलं. विभागाने म्हशींचा शास्त्रीय पुरावा मागितला. अशा रीतीने विद्यापीठाचं इजा व हिंसा प्रतिबंध संशोधन केंद्र करंजवस्तीत आलं. केंद्राचं घोषवाक्य 'समाजासोबत, समाजासाठी' असं होतं आणि ते गाडीच्या चारही दारांवर लिहिलेलं होतं.

केंद्राचे संचालक डॉ. नवनाथ उबाळे यांनी एक सकाळ रस्त्यावर उभं राहून पाहणी केली आणि ते खरोखर भारावले. "ताई, हा फार मोलाचा स्थानिक उपाय आहे," ते सुमनताईंना म्हणाले. "तो किती मोलाचा आहे हे मोजायचं तर तो नव्वद दिवस बंद ठेवावा लागेल."

"आन् पोरं?"

"पोरं चालू राहतील."

सुमनताईंनी विचारलं, म्हशी चालू ठेवून मोजता येणार नाही का. डॉ. उबाळ्यांनी समजावलं की म्हशी चालू ठेवल्या तर त्या संशोधनाचा भाग होतात, आणि प्राण्यांवरच्या संशोधनाला विद्यापीठाच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. समिती फार कडक आहे. भर वाहतुकीत म्हैस उभी करणं समितीला क्रूरपणा वाटेल. मुलांचं तसं नाही. मुलांवर कोणताही प्रयोग होणार नाही, त्यांचं फक्त निरीक्षण होईल, आणि निरीक्षणाला मानवी समितीची परवानगी एका बैठकीत मिळाली होती.

सोपानरावांपुढे चौदा पानांचं संमतिपत्र आलं. 'या सहभागातून आपल्याला कोणताही थेट लाभ होणार नाही' हे वाक्य त्यात ठळक अक्षरांत होतं, आणि चौदा पानांतलं तेवढंच पुढे शब्दशः खरं ठरलं. सोपानरावांनी विचारलं, "ह्यानं गतिरोधक व्हईल ना सायेब?" डॉ. उबाळे म्हणाले, "पुरावा हातात आला की कोण अडवणार?" म्हाताऱ्याने सही केली आणि म्हशी दावणीला बांधल्या.

पुनम नावाची संशोधक विद्यार्थिनी रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसू लागली. अंगात चमकणारं पिवळं जाकीट, हातात मोजणीचं बटण. पहिल्याच आठवड्यात अडचण आली. जाकीट पाहून वाहनचालकांना ती वाहतूक पोलीस वाटत होती आणि ते वेग कमी करत होते. निरीक्षणामुळेच मुलं सुरक्षित होत असल्याने निरीक्षण दूषित झालं. केंद्राने जाकीट काढायला लावलं. तरी कुणीतरी बसलंय म्हणून दोनचार जण ब्रेक मारतच. मग पुनमला पानटपरीमागे ताडपत्रीच्या आडोशाला बसवलं, आणि आकडे एकदम सुधारले.

सुधारले म्हणजे काय, तर रोज सात-आठ प्रसंग असे घडू लागले की गाडी पोराच्या दप्तराला घासून गेली. केंद्राच्या भाषेत यांना 'हुकलेल्या घटना' म्हणतात. संध्याकाळी डॉ. उबाळ्यांचा फोन आला की पुनम आकडा सांगे, आणि ते "उत्तम" म्हणत. माणूस वाईट नव्हता, त्यांना आकडा उत्तम वाटे.

तिसऱ्या आठवड्यात आया रस्त्यावर येऊन पोरांचे हात धरू लागल्या. केंद्राने ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं: पालकांचा अनियोजित हस्तक्षेप थांबवावा, अन्यथा तोपर्यंतची माहिती बाद होईल आणि नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. सुमनताईंनी आयांना घरी बसवलं. आणखी नव्वद दिवस कुणालाच नको होते.

त्याच सुमारास एका बापाने न थांबणाऱ्या मोटारीची काच दगड मारून फोडली आणि मोटारवाल्याने उतरून त्याचं डोकं फोडलं. केंद्राच्या इजा शाखेने ही घटना आपल्या कक्षेबाहेरची ठरवली. हिंसा शाखेला इतके दिवस करंजवस्तीत काहीच काम नव्हतं. ती दुसऱ्याच दिवशी वेगळी गाडी घेऊन आली आणि बापाकडून प्रश्नावली भरून घेतली. 'आपल्याला राग केव्हा येतो?' या प्रश्नापुढे त्याने लिहिलं, 'सकाळी सात दहाला.'

त्रेपन्नाव्या दिवशी करिष्माला एका मोटारीने उडवलं.

ताडपत्रीमागून पुनम धावत सुटली. दोन्ही हात वर करून तिने मागून येणारा कंटेनर थांबवला, पोरीला उचललं, रिक्षात घातलं आणि पिंपरीला नेलं. करिष्माचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता. पुनमने जागा सोडल्याने सात वाजून चौदा मिनिटांनंतरची त्या दिवसाची माहिती ग्राह्य धरता आली नाही, आणि निरीक्षकाने तटस्थता मोडल्याबद्दल तिच्याकडून खुलासा मागवला गेला. तिने खुलाशात एकच ओळ लिहिली: 'मला तेव्हा सुचलं नाही.' पुढे केंद्राने ती ओळ 'प्रशिक्षणातील उणीव' या सदरात घेतली.

डॉ. उबाळे दवाखान्यात भेटायला आले. फळं आणली, करिष्माच्या डोक्यावरून हात फिरवला. सोपानराव गुडघा धरून बाकावर बसले होते. त्यांचा स्वतःचा नंबर त्याच आठवड्यात होता, तो त्यांनी पुढे ढकलला.

"आता तरी व्हईल का सायेब?"

डॉ. उबाळे जड आवाजात म्हणाले, "काका, तुमच्यापासून लपवत नाही. नियमात तीन आहेत. हा एक झाला."

सोपानराव शांतपणे म्हणाले, "माज्या म्हशी दावणीला बांधल्या आन् माजी नात मोजली तुमी. उटा. फळं बी न्या."

डॉक्टर उठले. फळं मात्र राहिली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता वस्ती रस्त्यावर बसली. पुढे सुमनताई, मागे आया, आणि मधोमध त्या दोन म्हशी. अडीच तासांत एका कंपनीत भाग पोचले नाहीत म्हणून उत्पादनाची लाइन थांबली. विभागाचे अधिकारी अकराला आले, साहित्य दोनला आलं, आणि संध्याकाळी सहाला गतिरोधक तयार होता. तीन अपघातांचा नियम कुणी काढला नाही. विचारलंही नाही.

केंद्राच्या अहवालात यालाच 'संशोधनाचा धोरणावर प्रत्यक्ष परिणाम' म्हटलं आहे. डॉ. उबाळ्यांना त्यावर समाजोपयोगी संशोधनाचा पुरस्कार मिळाला. अहवालाच्या शेवटी शिफारस आहे की अशा ठिकाणी स्थानिक पातळीवर सहज उपलब्ध, संथ गतीचा, चालकांच्या मनात धाक निर्माण करणारा चल अडथळा विकसित करावा, आणि त्यासाठी पुढील तीन वर्षांचा अभ्यास हाती घ्यावा.

तोवर सोपानरावांनी म्हशी विकल्या होत्या. गतिरोधक झाला होता, गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि दावणीजवळ जायची त्यांना आता इच्छा होत नव्हती.

गतिरोधक ओबडधोबड होता हे खरं आहे. एका संध्याकाळच्या कामात आणखी काय होणार. मोटारींचा तळ घासायचा, मागे रांग लागायची, सकाळची चार-पाच मिनिटं जायची. आमच्या बाजूच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या, मग एक ऑनलाइन निवेदन आलं, आणि तीन दिवसांत त्यावर दोन हजारांवर सह्या झाल्या. एवढा लोकसहभाग या रस्त्याने कधी पाहिला नव्हता. करिष्माचं प्लास्टर निघून ती लंगडत पुन्हा शाळेत जाऊ लागली त्याच आठवड्यात विभागाने जनभावनेचा आदर करून गतिरोधक उखडला. ती आता कडेला उभी राहते आणि दोन्हीकडे बघत राहते. कधी दहा मिनिटं, कधी वीस. शाळेत उशिराचा शेरा मिळतो.

ते निवेदन अजून वाचता येतं. सहीपुढे कारण लिहायला रकाना होता, आणि दोन हजारांतल्या बहुतेकांनी जवळजवळ एकच कारण लिहिलं आहे: 'सकाळी मुलांना शाळेत सोडायला उशीर होतो.' दोनशे अकरावी सही माझी आहे. तुमची कितवी आहे ते तुम्ही बघा.