नाझरकाकांचं आभाळ

नाझरकाका दुर्बिणीला झाकण लावून फोटो काढत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हातारा विसरला असं समजून मी हळूच झाकण काढलं, आणि त्यांचा अर्धा तास वाया घालवला.

"अरे गाढवा, कॅमेऱ्याचे सोताचे डाग असतात! अंधाराचा फोटो काढाचा, त्यातले डाग खऱ्या फोटोतून वजा कराचे. मंग उरते ते आभाळाचं."

दारव्ह्याच्या तहसिलीतून नाझर म्हणून निवृत्त झालेला एकटा माणूस. गच्चीवर छोटी दुर्बीण, तिला जोडलेला जुना कॅमेरा आणि ध्यास एकच: देवयानी दीर्घिकेचा एक स्वच्छ फोटो. उजेडाशी उभं वैर. लोडशेडिंगला गल्ली शिव्या देई, काका वरून "वा, वा!" म्हणत. समोरच्या खांबावरच्या दिव्याला त्यांनी कापसाच्या गोणीचं बारदान बांधलं होतं. कुणाच्या ओट्यावर बल्ब लागला की हाक येई, "बंद करा बे! पंचवीस लाख वर्षांपासून येऊन राह्यला तो उजेड, तुमच्या बल्बानं मरते!"

संक्रांतीनंतर मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. "पुण्यात आभाळ नसते," ते म्हणत. म्हणजे फोटो यंदाच.

आभाळ निवळतं त्याच दिवसांत आमच्याकडे कापूस येतो. मी खरेदी केंद्रावर ग्रेडर. वरून सांगतील तेव्हा चांगल्या कापसाला ओला म्हणायचं, ही माझी नोकरी. इतकं सरळ मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"कापूस खरंच ओला असते काय रे?" काकांनी एकदा विचारलं.

"हो."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. काकांनी घरोघर विनवण्या केल्या, आणि त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीनं त्यांच्यासाठी बल्ब मालवले. त्याच अंधारात काकांच्या गच्चीखालीच, माझ्या फाटकाशी चार माणसं येऊन बसली. दुपारी त्यांच्या कापसाच्या गाड्या मी ओल्या म्हणून परत पाठवल्या होत्या. "येऊ दे ग्रेडरले," एक जण म्हणाला. घरी परतत होतो, तो मी गल्लीच्या कोपऱ्यावरच उभा राहिलो. वर दुर्बीण चालू होती.

एकाएकी काकांच्या गच्चीवरचा दिवा लागला. मग जिन्यातला, ओट्यावरचा. काका खाली आले आणि काठीनं खांबावरचं बारदान ओढून काढलं.

"रमेश, तिथं काहून उभा? ये, चहा थंडा होऊन राह्यला!"

उजेडात चौघांचे चेहरे दिसले. दमलेले, ओळखीचे. हात रिकामे होते. ते उठले. जाताना त्यांतला म्हातारा एवढंच म्हणाला, "साहेब, कापूस कोल्डा होता, ओला नव्हता."

काकांनी ते ऐकलं. मला चहा दिला.

सकाळी मी विचारलं, "काका, फोटो?"

"कायचा फोटो! आभाळ आलतं ना काल."

कोपऱ्यावर उभा होतो तेव्हा मी वरच पाहत होतो. माणसांकडे बघवत नव्हतं. बोंडाएवढासुद्धा ढग नव्हता.

"हो," मी म्हटलं.

पुण्याला जाईपर्यंत काकांनी ते बारदान पुन्हा बांधलं नाही.