बावीस सेकंद गप्प

शेखर टिपणीस गाता गाता मध्येच बावीस सेकंद गप्प बसतो. मी मोजले आहेत. दुसरं कडवं संपलं की गिटारच्या तारांवर तळवा ठेवतो, मान डावीकडे कलती करतो आणि थांबतो. ऐकणाऱ्याला वाटतं गाणं संपलं. तो टाळ्या वाजवतो. मग शेखर त्याच्याकडे असा बघतो की पुढच्या वेळी खरोखर संपल्यावरसुद्धा टाळी वाजवायची भीती वाटावी.

आम्ही दोघं परळच्या एकाच चाळीत वाढलो. शेजारी टॉवर बांधून चाळ पाडली त्याला सहा वर्षं झाली. आता तो चौदाव्या मजल्यावर माझ्या समोर राहतो. वय एक्कावन्न, लग्न केलेलं नाही. दिवसा गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो, संध्याकाळी गाणी रचतो. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. विषय मात्र आपल्या सगळ्यांचे. पाणी जाण्याची वेळ, जिन्यातला बंद दिवा, लग्नाच्या जेवणात बदललेली चप्पल.

मी सरकारी कचेरीत आकडेवारीच्या खात्यात आहे आणि सोसायटीचा सेक्रेटरीही आहे. त्यामुळे शेखरला मी दोन्ही कामांना लागतो. नवं गाणं झालं की दार वाजवतो आणि विचारतो, "दहापैकी किती?"

"सहा."

"मागच्यालाही सहाच होते."

"मागचंही एवढंच होतं."

तो रागावत नाही. "तुझं सोड. पलीकडून यायला पाहिजे," म्हणतो आणि जातो. हे त्याचं पालुपद आहे. भाजी घेतानाही तो कोथिंबिरीची जुडी हातात धरून, पलीकडून काही यायचं असल्यासारखा थांबतो.

पलीकडे म्हणजे मालूताई सावंत. चाळीत त्यांची आणि शेखरची खोली शेजारी होती, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. शेखर भिंतीला चिकटून बसायचा आणि गायचा. दुसऱ्या कडव्यानंतर थांबायचा. मालूताई चुलीवरचं उतरवून, हात पुसून फळीपाशी यायच्या आणि टकटक करायच्या. एकदा केलं तर गाणं पास. दोनदा केलं तर बदल. बावीस सेकंद लागायचे ते यासाठी. टकटक आल्याशिवाय तो तिसऱ्या कडव्याला हात लावायचा नाही.

टॉवरची किल्ली मिळाली तेव्हा मालूताईंच्या मुलाने इथली जागा भाड्याने दिली आणि आईला घेऊन तो अँटॉप हिलला गेला. इथे काँक्रीटच्या भिंती. पलीकडून काही येत नाही. शेखरने सहा वर्षांत नऊ गाणी केली आणि नऊही कच्ची मानली.

त्यात तो सफरचंदाचा लाकडी खोका. त्यावर उजवा पाय आपटत तो ताल धरतो. तेराव्या मजल्यावरून माझ्याकडे आत्तापर्यंत सतरा तक्रारी आल्या आहेत. मी त्याला रबरी चटई आणून दिली. त्याने ती पायपुसणं केली.

गेल्या वर्षी त्याने अल्बम काढायचं ठरवलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोरीने प्रत्येक गाण्यातली रिकामी जागा चूक समजून कापली. शेखरने नऊच्या नऊ ठिकाणी ती परत घालून घेतली. ती मला म्हणाली, "अंकल, लोकांना वाटेल त्यांचा फोन बिघडला." मी हिशेब केला. नऊ गुणिले बावीस, म्हणजे तीन मिनिटं अठरा सेकंद लोक आपला फोन हलवून बघणार.

मग प्रकाशनाचा कार्यक्रम. हॉल शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण सेक्रेटरी. शेखरची अट, स्टेज लाकडी हवं आणि स्टेजच्या बाजूचा आडोसाही लाकडीच हवा, पडदा नको. मी चार हॉल पाहिले. दोन ठिकाणी फरशी, एका ठिकाणी गालिचा. चौथा दादरला, एका शाळेचा, तिथे फळ्या होत्या. मी पायाने ठोकून पाहत होतो तेव्हा शिपाई म्हणाला, "नाचाचा प्रोग्राम आहे का, साहेब?"

"नाही. एक माणूस गप्प बसणार आहे," मी म्हणालो. मी थकलो होतो.

"आणि मालूताईंना तू घेऊन ये," शेखर म्हणाला. "त्यांनी आतल्या बाजूला बसायचं, आडोशाच्या पलीकडे. नऊही गाण्यांचा निकाल त्या दिवशी. दोनदा टकटक आली तर तिथेच सोडून देईन."

"लोकांसमोर?"

"मग कोणासमोर?"

"अरे, त्यांच्या घरी जाऊन म्हणून दाखव ना आधी. अँटॉप हिल काय लांब आहे?"

"तोंडासमोर नको," तो म्हणाला आणि खोक्यावरची धूळ पुसू लागला.

रविवारी मी आमंत्रणाचं कार्ड घेऊन गेलो. मालूताई आता अठ्ठ्याहत्तरच्या. मी म्हणालो, "कशा आहात?" त्या म्हणाल्या, "च्याय घेतंस?" मी म्हणालो, "शेखरचा कार्यक्रम आहे." त्या म्हणाल्या, "साखर कमी घालतंय." सून आतून म्हणाली, "काका, लिहून दाखवा. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. मशीन लावलं, उपयोग झाला नाही."

मी कार्डाच्या मागे लिहिलं, कधीपासून?

"बारा वर्सा झाली," मालूताई म्हणाल्या.

बारातून सहा गेले सहा. म्हणजे चाळीतली शेवटची सहा वर्षं. मी लिहिलं, मग टकटक?

त्यांनी भिंतीवर पंजा ठेवून दाखवला. "फळयेक हात लावलंय काय कळायचा. थरथर थांबली काय टकटक करूची. कदी एक, कदी दोन. सगळा एकच केला असता तर तेका संशय इलो असतो." मग सुनेकडे बघून आवाज उतरवला, तरी तो मोठाच होता. "तेका सांगू नको हां. जिवाक लावन घेईत."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. सुलभा म्हणाली, "मग आता?" मला तेच कळत नव्हतं. नऊ गाण्यांचा निकाल ऐकू न येणारी बाई देणार. हॉलमध्ये तिने गाण्याच्या मध्येच टकटक केली तर सगळ्यांदेखत उघडं पडणार, आणि शेखरची चाळीतली ती सहा वर्षंही त्याबरोबर जाणार. मी कधी खोटा आकडा पुढे पाठवलेला नाही. हा आकडा मात्र दडपून मी आठ दिवस त्याच्यासमोर चहा पीत होतो.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. साठ खुर्च्या, त्रेचाळीस माणसं. मी मालूताईंना आडोशाच्या आत स्टुलावर बसवलं आणि शेजारी उभा राहिलो. वेळ चुकायला लागली तर हात धरायचा, असं ठरवलं होतं. शेखर बाहेर आला. त्याने खोका स्टेजच्या मध्यावरून ओढत आणला आणि बरोब्बर आमच्या आडोशाला टेकवला. मालूताईंनी फळीवर पंजा ठेवला.

तो गाऊ लागला. पाय खोक्यावर पडत होता तशी फळी हलत होती. मी दुसऱ्या टोकाला बोट लावून पाहिलं, मलाही कळत होतं. दुसरं कडवं संपलं. फळी थांबली. पहिल्या रांगेत टाळ्या सुरू झाल्या, सुलभाने "थांबा, थांबा" म्हणत त्या दाबल्या. मालूताई घाईत नव्हत्या. इथे चूल नव्हती, तरी त्यांनी पदराला हात पुसले. मग एक टकटक. बाहेर शेखरने इतक्या जोरात श्वास सोडला की तो माइकमधून आला.

पहिली चार गाणी पास झाली. पाचव्याला टकटक दोनदा आली. शेखरने मान डोलावली, "बरोबर आहे," म्हणाला आणि तिसरं कडवं न गाता सहाव्या गाण्याला लागला. लोक हसले, मग टाळ्या वाजवू लागले. त्यांना हा खेळ कळला होता. नवव्या गाण्याच्या वेळी त्रेचाळीस माणसं न सांगता गप्प बसली, आणि टकटक आली तेव्हा मागच्या रांगेतलं कोणीतरी "पास" म्हणालं.

माणसं गेल्यावर मी आणि शेखर खुर्च्या एकात एक घालत होतो. मी विचारलं, "पाचवं का सोडलंस? चांगलं होतं."

"लांबलंच होतं ते. हात अवघडला असेल त्यांचा."

मी खुर्ची खाली ठेवली. "तुला माहीत आहे?"

"चाळीत असताना एकदा मी गायलोच नाही. घसा बसला होता. नुसता पाय आपटला आणि थांबलो. तरी टकटक आली."

"एक की दोन?"

"एक." तो हसला. "दुसऱ्या दिवशी खोका आणला. जास्त हलतो."

मला सतरा तक्रारी आठवल्या, आणि ती रबरी चटई.

"त्यांना सांगू नकोस हं," शेखर म्हणाला. "वाईट वाटेल."

मालूताईंना सोडायला टॅक्सी केली. माटुंग्याला त्यांनी पिशवीतून आमंत्रणाचं कार्ड काढलं. मग म्हणाल्या, "आदी मी ऐकलंय तेका. तेवा आवाज बरो होतो. आता कसो आसा?" आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

मी पेन काढलं. सहा लिहिणार होतो, तीस वर्षं तोच आकडा आहे. मग संध्याकाळ पुन्हा मनात तपासली आणि लिहिलं, दहापैकी सात. ते खोटं नव्हतं.

सिग्नलच्या उजेडात त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग ते परत माझ्यापुढे धरलं आणि टॅक्सीच्या दारावर बोटाने दोनदा टकटक केली.