सोनबाचे सहा सेल

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सोनबाने चहा प्यायला ट्रॅक्टर बंद केला आणि साडेसातला तो सुरू झाला नाही. १९८४ चा जुलै, लावणीचे दिवस. उमरठच्या अलीकडच्या त्या वाडीत चौदा बाया पदर खोचून तयार होत्या, उपटलेल्या रोपांच्या मुठी टोपल्यांत होत्या आणि खालच्या शेतात अजून चिखलणी व्हायची होती. रोपं दिवसभर थांबली असती, उद्यापर्यंत नाही.

शेजारच्या शेतात थोरला भाऊ कोंडाजी बैलांनी चिखलणी करत होता. मागितले असते तर त्याने बैल दिले असते, आणि नेमकी हीच अडचण होती. महिन्यापूर्वी हा जुना ट्रॅक्टर दारात आला तेव्हा सोनबा चार माणसांत त्याला म्हणाला होता, "दादा, बैलांचा एक फोटो काढून ठेव. पोरांना दाखवायला लागंल." आता सोनबा दातांनी शेत उकरायला तयार होता, पण बैल मागणार नव्हता.

वाडीला फोन नव्हता. औषधापासून आमंत्रणापर्यंत सगळं एसटीचा कंडक्टर नेई. आठच्या गाडीने पोलादपूरच्या मुरारी मेकॅनिकला चिठ्ठी गेली : 'चावी फिरवली की नुसतं टक् वाजतं. दिवा लागतो. काय करू?'

दहाला उत्तर आलं : 'दिवा लागतो म्हणजे बॅटरी ठीक. सेल गेला. नवा बसवा.'

आता मुरारी ज्याला सेल म्हणतो, ती इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर. सोनबा ट्रॅक्टर शिकला दोन दिवसांत, आणि शिकवणारा तिला स्टार्टर म्हणायचा. सेल म्हणजे काय, ते सोनबाला पक्कं माहीत होतं. तो टॉर्चमध्ये असतो. त्याने बॅटरीची बुचं मोजली, सहा भरली. ठकूबाईच्या दुकानातून त्याने सहा सेल घेतले.

"सहा?" ठकूबाई म्हणाली. "रातच्याला खेकड्यांना निघालास काय रे?"

बुचाच्या भोकात सेल जाईना. परतीच्या गाडीने चिठ्ठी गेली : 'सेल आणला. भोकात बसत नाही.' मुरारीला यात काही वावगं दिसलं नाही, कारण स्टार्टरही भोकातच बसतो. बाराला उत्तर आलं : 'तिरका धरू नका. हलक्या हाताने ठोका.'

सोनबाने हलक्या हाताने ठोकला. मग जरा जड हाताने. साडेबाराच्या गाडीने तिसरी चिठ्ठी गेली : 'ठोकला. फुटला. पाच उरलेत.'

ही चिठ्ठी मुरारीने तीनदा वाचली. त्याच्या माहितीत तालुक्यात ट्रॅक्टरच मोजून चार होते. दोनच्या गाडीने उत्तर आलं, अक्षर ओळखू येत नव्हतं : 'पाच कुणाचे खोलले? आता कशाला हात लावू नका. उतारावर ढकलून चालू करा आणि बंद न करता दुकानावर आणा.'

ढकलायचं तर सोनबाची बायको प्रयागबाई सकाळपासून सांगत होती. तिने बायांना नुसती खूण केली. चौदा खांदे लागले, ट्रॅक्टर घरंगळला, दोनदा ठसकला आणि काळा धूर सोडून गर्जला. बाया हसून हसून वाटेतच बसल्या.

सोनबाने बंद केला नाही. भाकरीसुद्धा त्याने चालत्या ट्रॅक्टरवर खाल्ली. तो पुढे चिखल करी, मागे बाया रोपं लावत. पाचला चिखलणी उरकली आणि बैलांकडे न बघता, तसाच चिखलाने माखलेला तो पोलादपूरला निघाला.

तिकडे पाचपर्यंत ट्रॅक्टर आला नाही, तेव्हा मुरारीचा धीर सुटला. दुकानाला कुलूप लावून तो साडेपाचच्या गाडीत बसला. पुलावर दोघांची गाठ पडायची, पण पावसामुळे एसटीच्या खिडक्यांचे पडदे खाली होते.

सव्वासातच्या मुक्कामी गाडीने शेवटची चिठ्ठी आली. सोनबाच्या पडवीत चहा पीत असलेल्या मुरारीनेच ती मोठ्याने वाचली : 'दुकानाला कुलूप आहे. इंजिन चालू आहे. डिझेल थोडं आहे. काय करू?'

पोलादपूरला जाणारी पुढची गाडी सकाळी साडेसहाला होती.

कोंडाजी पायरीवर बसून ऐकत होता. तो उठला, त्याने धोतर झटकलं.

"मेकॅनिकला पोचवायचा तर बैल जुंपतो," तो प्रयागबाईला म्हणाला. "पण सोनबाला चालंल काय, तेवढं इचार."