एस्तेरबाईंची शिवण

एस्तेरबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या शिवणीकडे. नगरला आमची बदली झाली आणि आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी नवी टेरिकॉटची पँट घालून ऐटीत ऑफिसला निघालो होतो. शेजारच्या फाटकातून आवाज आला, "अहो, थांबा. जरा मागं वळा." मी वळलो. पिकल्या केसांच्या एक बाई वाकून माझ्या पँटची बाजूची शिवण तपासू लागल्या. रस्त्यावरचे दोघंतिघं थांबले.

"टेरिकॉटला सुती दोरा! धुतल्यावर दोरा आटेल, कापड आटणार नाही. मग चुण्या मोजत बसा. कुठल्या कसायानं शिवली?"

माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं. आणि पँट खरोखरच दोन धुण्यांत अशी आकसली, की मी बाईंना कायमचा शरण गेलो.

बाई मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवून रिटायर झालेल्या. यजमान कधीच वारलेले. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. "आधी कापडाला विचारा," हे त्यांचं पालुपद. मलमलीला विचारलं तर ती म्हणणार, नऊ नंबरची सुई आणि ऐंशीचा दोरा. खाकी म्हणणार, अठराची सुई आणि चाळीसचा दोरा. "दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक, आणि मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड. एवढं ध्यानात ठेवा, शेळके."

"हे असं उलटंसुलटं कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"माझ्या वर्गातलं नव्हतं कुणी," बाई म्हणाल्या.

एकदा माझी बायको ब्लाउजपीस घेऊन त्यांच्याबरोबर कापडबाजारात गेली. रिळावर दोरा गडद दिसतो, एकेरी काढला की फिका, म्हणून तो उन्हात बघायचा, हा बाईंचा नियम. त्या दोरा आणि कापड घेऊन थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मागं टांगा अडला.

"आजी, सरका की! सवारी हाय!"

"असू दे. हा पोपटी हाय का शेवाळी, तूच सांग."

टांगेवाला खाली उतरला. बायको शपथेवर सांगते, सवारीही उतरली. शेवाळी ठरला तेव्हा कुठं टांगा हलला.

रविवारी त्या चर्चमधून परतल्या की मी मुद्दाम विचारी, "आज प्रवचन कशावर होतं?"

"ऐकलंच नाही. पाळकसाहेबांच्या झग्याला कुणीतरी जाड सुई वापरलीय. सगळा वेळ भोकंच दिसत होती."

अशा बाईंना एकुलता एक मुलगा, शमुवेल. श्रीगोंद्याला एसटीत कंडक्टर. पोरगा गुणी, सूनही चांगली, पण शमूचा स्वभाव असा, की काम असल्याशिवाय फिरकायचा नाही. बाईंचा सगळा जीव त्याच्यात अडकलेला. "येईल आता नाताळला," असं त्या उन्हाळ्यातच म्हणायला लागत, तेव्हा मला फार वाईट वाटे. एकच काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. कंडक्टरच्या बॅगेचा पट्टा युनिफॉर्मच्या खांद्याची शिवण खातो, ती उसवली की शर्ट घेऊन तो आईकडं येई. पण आईनं घातलेली शिवण उसवायची कशाला! ती वर्ष-वर्ष हलत नसे, आणि शमूही.

मग एका पावसाळ्यापासून तो वरचेवर दिसू लागला. महिना होतो न होतो तोच खाकी शर्ट काखेत मारून हजर. बाई शिवत, तो ओट्यावर बसून मटणाचा रस्सा ओरपी, आणि बाईंचा चेहरा बघण्यासारखा होई.

एकदा शमू जेवून आत आडवा झालेला असताना मी सहज डोकावलो. मशीनवर त्याचा खाकी शर्ट होता. रीळ बघून मी चमकलो. एवढ्या दिवसांत मीही तयार झालो होतो.

"बाई, हा तर मलमलीचा दोरा! खाकीला? महिनाभर तरी टिकेल का?"

"हळू बोला," बाई मशीन न थांबवता म्हणाल्या. "महिनाभर टिकेल. तेवढा पुरे."

शमूला जाग येऊ नये म्हणून मी दार अलगद लोटून घरी आलो.

पुढच्या खेपेला शमूनंच मला फाटकाशी गाठलं. "साहेब, येक इचारू का? आईची नजर गेली का वो? दोराच वळखू येईना तिला. दर बारीला खांदा उसवतोय, डेपोतली पोरं हसत्यात. पर तिला बोललो न्हाई, लई जिवाला लावून घ्यायची. पुन्याला डोळ्याच्या डॉक्टरला दावावं म्हनतो."

तो गेल्यावर मी बाईंना हे सगळं सांगितलं. वाटलं, आता भडका उडणार. त्यांच्या दोऱ्याला नाव ठेवायची उभ्या नगरात कुणाची छाती नव्हती, आणि इथं पोटचा पोरगाच त्यांना आंधळं ठरवत होता.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"पुण्याला म्हणाला?"

"हो."

"म्हणजे जाऊन-येऊन सबंध दिवस तो माझ्याबरोबर?"

"तेवढा तर जाणारच."

"मग त्याला सांगा, शेळके," बाई म्हणाल्या, "आईला अजिबात दिसत नाही म्हणून."