बारावर थरथरणारी सुई

आमचे सोपानमिस्त्री कुणाला "बरं हाये का?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "काय पावणं, सुई कितीवर?"

नारायणगावात माझं खत-बियाण्यांचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं गॅरेज. जुन्या पेट्रोल जीपा तेवढ्या हातात घेतात. खाकी शर्टाच्या खिशात एक गोल काटेवालं घड्याळ, त्याला रबरी नळी. गाडी जागेवर चालू ठेवायची, नळी इंजिनाला लावायची, की इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते सुई सांगते. एकोणीसवर गप उभी राहिली तर इंजिन निरोगी. "इंजान बोलत न्हाई राव, श्वास घेतं. त्यो मोजायचा," असं ते डॉक्टरच्या थाटात सांगतात.

सुई सोळावर दिसली की ठिणगीचं टायमिंग नखभर पुढं घेतात आणि सुई चढली की असे खूश होतात, जणू नातवाचा ताप उतरला. माणसांनाही तोच न्याय. एकदा मी घरी भांडून दुकानात आलो, तर माझं तोंड बघून म्हणाले, "भाऊ, टायमिंग मागं पडलंय तुमचं. ठिणगी उशिरा पडती. घरी जा आन् आधी तुमीच बोला." गेलो, बोललो, जेवायला मिळालं!

पुतणीला बघायला पाहुणे जीपमधून आले, तर यांनी नवरदेवाच्या आधी जीपला नळी लावली. आत येऊन म्हणाले, "एकोणीस. पोरगं नांदवंल." पोरगी सुखात आहे, हे मात्र कबूल करावं लागतं.

आणि या माणसाची स्वतःची जीप? सुई बारावर, तीही थरथरत! जागेवर उभी असली की धबक... धबक-धबक... धबक. तिचा वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतो, पण ओढच नाही, म्हणून पावसात मिस्त्री डाव्या हातानं वायपर हलवत गाडी हाकतात. लग्न नवं असताना सासुरवाडीला, आहुप्याला, ऐटीत जायचं म्हणून त्यांनी शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट बसवला होता. "त्यो झडपा उघडतो भाऊ. ह्या कॅमनं म्होरचं दार आन् मागचं दार एकाच टायमाला उघडं ऱ्हातं. पळताना लई जोर, पण उभ्या गाडीत दम टिकंल का? जवानीतली चूक हाये."

मग बदला की! मी किती वर्षं डोकं खाल्लं असेल. दिव्याखाली अंधार म्हणालो, नाही नाही ते बोललो. शेवटी गेल्या साली पुण्यातल्या जुन्या बाजारात मूळ कॅमशाफ्ट मिळाला, तो आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. बराच वेळ हातात फिरवत राहिले. "बसवायलाच पायजे का?"

"लोक हसतात तुम्हाला, मिस्त्री!"

बसवला. सुई एकोणीसवर, वायपर सपासप. मी शेजारपाजारी पेढे वाटले आणि संध्याकाळी मोठ्या ऐटीत त्यांच्याबरोबर पिंपळवंडीला, त्यांच्या घरी निघालो.

हौसाबाई, त्यांच्या पत्नी, ओट्यावर बसल्या होत्या. थोडं विसरतात, एवढंच मला ठाऊक होतं. जीप अंगणात आली तशा त्या उठल्या, आत गेल्या आणि कडी लावली.

"हौसा, मी हाये."

आतून आवाज आला, "मालक घरी न्हाईत. त्यांची जीप वळणाला आली की कळतं मला. ते आल्याव या."

मिस्त्री दाराशी उभे राहिले. मग ओट्यावर बसले. मला म्हणाले, "तोंड वळखत न्हाई आता. दोन वर्सं झाली. जीपचा आवाज तेवढा वळखती." मला पेढ्यांची लाज वाटली हो. कुठल्या तोंडानं मी त्यांना शिकवत होतो! शेवटी दिवसभर सोबतीला असणाऱ्या भावजयीनं त्यांना मागच्या दारानं आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी हा माणूस, ज्यानं जन्मभर लोकांची टायमिंगं पुढं आणली, स्वतःच्या जीपचं टायमिंग मागं मागं घेत बसला होता. सुई पडली, चौदावर आली. पण गप उभी. धबक काही येईना. "टायमिंगनं दम कमी व्हतो भाऊ," ते म्हणाले, "चाल बदलत न्हाई. चाल कॅमची." मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्या हातात पाने-पक्कड द्यायला बसलो. जुना कॅम अडगळीत फेकला नव्हता. तेल लावून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही परत पिंपळवंडीत. धबक... धबक-धबक... धबक. वळणावरूनच दिसलं, हौसाबाई पदर सारखा करत दारात आल्या होत्या.

"आलासा? चहा टाकते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात, "अवो, परवा कोन म्हातारं आलं व्हतं. लई येळ ओट्यावर बसून ऱ्हायलं, डोळं पुसत. मी घाबरून कडी लावली, चहासुदिक इचारला न्हाई. लई वंगाळ वाटतंय बघा."

मिस्त्रींनी जीप बंद केली नाही. तशीच धबधबत ठेवली.

"यील त्यो परत," ते म्हणाले. "तवा पाज."