बगळेवैद्यांचा काढा

एका जंगलात, बाळांनो, एक ओढा होता आणि ओढ्याकाठी एक खेकडा राहत होता. पाणी प्यायला आलेल्या उंदरांच्या शेपट्या तो कचकन चिमटायचा. उंदरांनी सिंहमहाराजांकडे गाऱ्हाणं नेलं, "त्याला तिथून हलवा."

हलवणार कसं? महाराजांची नखं कापायला तोच तर होता! म्हणून महाराजांनी बगळेवैद्यांना वेदनेवर औषध काढायला सांगितलं. औषध लागू पडलं की खेकडा राहणार होता जिथल्या तिथे.

चाचणीसाठी येसाजी नावाचा म्हातारा उंदीर निवडला. त्याची शेपूट आधीच अर्धी उरली होती. वैद्यांनी तेवढ्यापुरतं उंदीर खाणं सोडलं.

दोन बिळं खणली. काळ्या मातीच्या बिळात खेकडा बसवला, तांबड्या मातीचं रिकामं ठेवलं. येसाजी काळ्यात शिरला, किंचाळत बाहेर आला आणि तांबड्यात जाऊन बसला.

"वेदना सिद्ध झाली," वैद्य म्हणाले. उंदरांना ती आधीपासून ठाऊक होती, पण त्यांना कोण विचारतो!

दुसऱ्या दिवसापासून काढा सुरू झाला. काढा पिऊन येसाजी आपणहून काळ्यात गेला, की औषध लागू पडलं असं ठरलं. काळ्या बिळात चोच घालायला वैद्य घाबरत, कारण खेकडा चोचही सोडत नसे. म्हणून तांबड्यात बसलेल्या येसाजीच्या घशात ते कडूजार काढा ओतत. बिचाऱ्याची आतडी पिळवटून निघत.

"मामंजी, काही झालं तरी काळ्या बिळात जाऊ नका हो," सून रडवेली होऊन म्हणाली.

"नाही जाणार गं," येसाजी म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

चार दिवस त्यानं कळ काढली. पाचव्या दिवशी काढ्यानं भरलेली चोच दिसली मात्र, त्याचे पाय त्याला न विचारताच काळ्या बिळाकडे पळाले.

"गेला! लागू पडलं!" वैद्य आनंदाच्या भरात दोन्ही पायांवर उभे राहिले.

"अहो, दुखतंय!" आतून येसाजी ओरडला. "मेलो! शेपूट गेली माझी!"

"जिभेचं आम्ही धरत नाही," वैद्य म्हणाले. "पायांचं धरतो."

खेकडा ओढ्याकाठी कायम झाला. रोज सकाळी उंदरांना काढा पाजायचा हुकूम निघाला. आणि खरंच सांगतो, वैद्य दिसले की सगळे उंदीर आपणहून खेकड्याकडे धाव घेतात.

येसाजी तेवढा जात नाही. त्याला आता शेपूटच नाही. पाहुणे आले की वैद्य त्याला पुढे करतात, पूर्ण बरा झालेला रोगी म्हणून.

तात्पर्य: औषध नेहमी दुखण्याहून कडू असावं, म्हणजे दुखण्याबद्दल कुणाची तक्रार राहत नाही.